खळ्यावर माल आहे

भगवंतरावांचं हेलिकॉप्टर बेलसरीच्या खळ्यावर पहिल्यांदा उतरलं, तेव्हा वच्छलाबाईची चार दिवस बडवलेली तूर तिथे उघडी पडली होती. दाणे आणि कुटार अजून एकात होतं. वारा सुटला की उपणायचं, म्हणून ती सूप मांडीवर घेऊन बसली होती. वारा आला, पण वरून आला.

बेलसरी परतवाड्याहून जीपनं अर्ध्या तासावर. घरं नव्वद. उत्तरेला मेळघाटाचे डोंगर, बाकी तिन्ही बाजूंना काळी जमीन, उन्हाळ्यात माणसाचा पाय जाईल एवढ्या भेगा पडणारी. टणक आणि सपाट अशी जागा गावाला एकच, ती म्हणजे गावाला लागून ई-क्लासच्या सरकारी जमिनीवर असलेलं खळं. किती पिढ्यांनी ते चोपलं, शेणानं सारवलं, बैलांच्या खुरांनी दाबलं, याचा हिशेब कोणाजवळ नाही. तीच जागा हेलिकॉप्टरवाल्यांच्याही नजरेत भरली. चांगल्या जागेवर डोळा ठेवणाऱ्याला ती चांगली कशी झाली हे विचारायची गरज पडत नाही.

त्या वर्षी सोयाबीन शेंगेतच वाळलं होतं. कपाशी दोन वेचण्यांत संपली. घरात वर्षभर पुरेल असं जे काही होतं ते तुरीचं. वच्छलाबाईनं अडीच एकर तूर एकटीनं सोंगली. नवरा खुशालराव गावचा कोतवाल, म्हणजे तलाठ्याचा निरोप्या, दवंडी देणारा, साहेब आले की खुर्च्या मांडणारा. शेतासाठी त्याच्याकडे वेळ उरायचा तो सकाळचा तासभर.

त्या दिवशी सकाळी त्याला फोन आला होता. त्यानं खळ्याच्या पश्चिम कोपऱ्यात पाणी शिंपडलं आणि चुन्यानं मोठा एच काढला. बायकोला म्हणाला, "तिकडच्या कोपऱ्यात उतरणार हाये. तुह्या तुरीले काई होत नाई."

पंखा डोक्यावर आला तशी ताडपत्री उडाली. मग तूर उडाली. कुटार, दाणे, माती सगळं एकदम वर गेलं आणि बाभळीच्या कुंपणात, नालीत, शाळेच्या आवारात जाऊन पडलं. वच्छलाबाई ढिगावर पालथी पडली, हात पसरून, तोंड तुरीत खुपसून. पाठीवर खडे बसत होते. पदर डोक्यावरून कधी गेला ते तिला कळलं नाही.

पंखा थांबला. भगवंतराव दोन पाहुण्यांना घेऊन उतरले आणि बूट घालून सरळ खळ्यावरून चालत आले. आमच्याकडे खळ्यावर कोणी पायात काही घालत नाही. मत मागायला येणारेसुद्धा काठावर चपला काढतात. भगवंतराव याच गावात वाढलेले, आता अमरावतीला त्यांच्या तीन संस्था, इथे खळ्यापलीकडे फार्महाउस. त्यांची माय याच खळ्यावर तिवईवर उभी राहून उपणायची, हे पाहिलेली माणसं अजून जिवंत आहेत.

वच्छलाबाई उठून बसली होती. डोळे चोळत होती.

"काय वच्छला," भगवंतराव म्हणाले, "उपणायची मेहनत वाचली की नाही तुझी? वारा आणून दिला."

पाहुणे हसले. चुन्यानं पांढरे झालेले हात अवघडून धरून कोपऱ्यात उभा असलेला खुशालरावही हसला. वच्छलाबाईनं ते पाहिलं.

पुढचे दोन दिवस ती बाभळीखाली वाकून दाणे वेचत होती. काटे बोटात मोडले. नालीतली तूर धुवून घेतली तरी वास गेला नाही, ती बैलाला घातली. पोती मोजली तर दोन कट्टे तरी कमी भरले. घरी तिनं दोन दिवसांनी तोंड उघडलं ते एवढ्याचसाठी.

"तुमी हासले काहून?"

खुशालराव भाकरीचा तुकडा मोडत होता. "मोठा माणूस हासला तं हासा लागते. नोकरी हाये आपली."

"मी पालथी पडली होती."

खुशालराव पाणी प्यायला आणि उठला.

सव्वीस जानेवारीला झेंड्यानंतर ग्रामसभा असते. बाया येतात, रजिस्टरवर सही करतात, घरी जातात. त्या दिवशी वच्छलाबाई सही करून बसली. सरपंच आरती, गावातलीच सून, तिसाव्या वर्षी राखीव जागेवर निवडून आलेली. लोकांना वाटलं होतं ही फक्त सही करील. तिला स्वतःलाही तसंच वाटत होतं. ग्रामसेवक विषय वाचत होते, खुशालराव मागे चहाचे कप मांडत होता.

"मले एक इचाराचं हाये," वच्छलाबाई म्हणाली.

"इचारा काकू."

"खयं कोणाचं हाये?"

ग्रामसेवकांनी चष्मा वर केला. "ई-क्लास. सरकारी जागा, ग्रामपंचायतीच्या ताब्यातली."

"म्हंजे भगवंतरावाचं नाई."

"नाही."

"मंग त्यायनं उतराच्या आधी कोणाले इचारलं?"

भगवंतरावांचा कारभारी पंजाबराव दाराशी खुर्ची टाकून बसला होता. फार्महाउस तोच पाहायचा. तो शांतपणे म्हणाला, "कलेक्टर हापिसची परवानगी हाये, बाई. कागद हाये आमच्यापाशी."

"कागदात माही तूर लिवली हाये का?"

मागून कोणीतरी खाकरलं. मग एकेक जण बोलू लागला. एकाचे गोठ्यावरचे पत्रे हलले होते. एकाची गाय दावं तोडून पळाली होती. शाळेत परीक्षा चालू होती आणि मास्तरनं पोरांना बाकाखाली बसवलं होतं. इतके दिवस ही माणसं पारावर बसून हेलिकॉप्टर कितीचं असेल याच्या गप्पा करत होती. आपलंही काही गेलं आहे, हे त्यांना त्या दिवशी आठवलं.

आरतीनं ग्रामसेवकांच्या हातून रजिस्टर घेतलं आणि ठराव स्वतः लिहिला. शाळेच्या वेळात उतरायचं नाही. उतरायचं असेल तर आदल्या दिवशी कोतवालानं दवंडी दिली पाहिजे. आणि खळ्यावर कोणाचाही माल असेल तोवर हेलिकॉप्टर उतरणार नाही.

पंजाबराव भांडेल असं सगळ्यांना वाटत होतं. त्यानं मान हलवली. "बरोबर हाये. माल असन तं नाई उतरणार. पण खयं खाली असन, तं मंग कोणाची हरकत नाई ना?"

चहा निवत होता. "नाई," लोक म्हणाले.

"मंग तेही लिवा. खाली झालं की जागा वापरता येईन, पक्कीही करता येईन."

तेही लिहिलं. पंजाबरावानं खाली पहिली सही केली. आम्ही सगळे खूश होतो. तुरीनंतर हरभरा येतो, हरभऱ्यानंतर गहू. होळीच्या आधी रिकामं झालेलं खळं आमच्यापैकी कोणी पाहिलेलंच नव्हतं.

एक तारखेला खळ्याच्या काठावर गिट्टीचे दोन ट्रक पडले. दुसऱ्या दिवशी सिमेंटचे कट्टे आले. मग कळलं की बारा फेब्रुवारीला, रविवारी, भगवंतरावांच्या पोरीचं साक्षगंध फार्महाउसवर आहे, पाहुणे हेलिकॉप्टरनं येणार आहेत आणि त्यानंतर खळ्यावर पक्का हेलिपॅड होणार आहे. तिसऱ्या दिवशी परतवाड्याचा उस्मान थ्रेशर घेऊन आला. पंजाबरावानं त्याला सगळ्या गावाची तूर काढून द्यायला सांगितलं होतं, कोणाकडून काही न घेता. लोकांनी दोन दिवसांत सुड्या मोडल्या. रांगा लागल्या. पोटभर धूळ खाऊन सगळे हसत होते. ज्यानं गोठ्याच्या पत्र्याबद्दल तक्रार केली होती, तो सगळ्यात पुढे होता.

खळ्यावर एकच सुडी उरली. तुरीच्या पेंढ्यांचा तो उंच ढीग वच्छलाबाईचा होता. पहिली अर्धी तूर तिनं बडवली होती, ही दुसरी अर्धी.

उस्माननं ट्रॅक्टर जवळ आणून बंद केला. खाली उतरून त्यानं चपला काढल्या. "भाभी, आणा पेंढ्या. दोन घंट्याचं काम हाये."

"मी हातानं बडवणार हाये, उस्मानभाऊ."

"एवढी सुडी? आठ दिवस लागतीन."

"लागू द्या."

उस्माननं गिट्टीकडे पाहिलं, सिमेंटकडे पाहिलं. तो पंचवीस वर्षं या खळ्यावर येत होता, आधी बैलगाडी घेऊन, मग ट्रॅक्टर. "मले पंजाबराव इचारतीन, एक सुडी काहून राहिली म्हणून."

"सांगा, बाई नाई म्हणते."

"तसंच सांगतो." तो ट्रॅक्टरवर चढला, पुन्हा वळला. "भाभी, एक बात सांगू? गावाची तूर अजून ओली होती. आठ दिवस थांबा लागत होतं. मी बोललो, पण कोणाले ऐकाचं नवतं."

तो गेला आणि वच्छलाबाईनं काठी उचलली.

तूर बडवणं पाहायला सोपं. पेंढी पसरायची, काठी उचलायची, मारायची, पेंढी उलटायची, पुन्हा मारायची. दुपारपर्यंत मानेत, बगलेत, पातळाच्या निरीत शेंगांची बारीक कुसं शिरतात आणि सगळं अंग चावतं. दुसऱ्या दिवशी तिच्या तळहाताचे फोड फुटले. तिनं चिंधी बांधली. तिसऱ्या दिवशी उजवा खांदा वर जाईना, तर ती डाव्या हातानं मारू लागली. वेळ काढत नव्हती ती. एकट्या बाईला जेवढं होतं तेवढंच होत होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

रोज कोणीतरी काठावर येऊन उभं राहायचं. शाळेवर नवे पत्रे टाकून देणार आहेत म्हणे, तुझ्यापायी राहतील. एका दिवसासाठी कोणी एवढं ताणतं का. ती काठी खाली न ठेवता म्हणायची, "एका दिवसाचं असतं तं मीच खयं झाडून देलं असतं. गिट्टी कोणासाठी पडली हाये मंग?"

खुशालराव खळ्याकडे फिरकत नव्हता. पंजाबराव त्याला रोज फार्महाउसवर बोलावून उभा ठेवायचा. एकदा मांडव घालणाऱ्या माणसांसमोर म्हणाला, "बायको आयकत नाई तुही. अन् म्हणे कोतवाल. गाव काय आयकन तुहं?" माणसं हसली. या वेळी खुशालरावाला हसू आलं नाही. घरी आल्यावर त्यानं बायकोचे हात पाहिले. तेल गरम करून वाटी तिच्याजवळ सरकवली, पण लावून दिलं नाही. तिनं डाव्या हातानं खांद्याला तेल चोळलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

आठ तारखेला आरती आली. तिला दोनदा पंचायत समितीत बोलावलं होतं. डोळ्यांखाली काळं झालं होतं. "काकू, खरं सांगा. कधी होईन?"

"तुले काय वाटते, माहं चुकते?"

आरती सुडीजवळ खाली बसली. "नाई. पण मले भेव वाटते. ठरावात थे शेवटचं वाक्य मीच लिवलं ना माह्या हातानं. खाली झालं की पक्कं करा म्हणून."

"तू लिवलं, मी सही केली. आता रडून काय होते. मालाचं वाक्यही तुहंच हाये."

दहा तारखेला शेवटची पेंढी बडवून झाली. तुराट्या तिनं बाजूला रचल्या. मधे दाणे आणि कुटार मिळून कंबरेएवढा ढीग झाला. आता उपणलं की कट्टे भरायचे आणि खळं रिकामं. वच्छलाबाई तिवईवर चढली, सूप उंच धरलं. कुटार दाण्यांसोबत सरळ तिच्या पायाशी पडलं. वारा पडला होता. झाडाचं पान हलत नव्हतं.

अकरा तारखेला सकाळी पंजाबरावानं मोठा फर्राटा पंखा पाठवला, लांब वायरसकट. दोन माणसांनी शाळेतून लाइन ओढली, पंखा ढिगासमोर ठेवला, बटण दाबलं. पंखा जेमतेम घरघरला आणि थांबला. नऊ वाजले होते. आमच्याकडची लाइन नऊला जाते ती पाचला येते, हे मांडववाल्या अमरावतीच्या माणसांना कोणी सांगितलं नव्हतं. वच्छलाबाई तिवईवर बसून राहिली. पंखा तिच्यासमोर तोंड करून उभा राहिला.

दुपारी पंजाबरावानं खुशालरावाच्या हातात कागद दिला. "ही दवंडी. उद्या अकरा वाजता खयावर हेलिकॉप्टर उतरणार हाये, खयं खाली हाये, लोकायनं दूर राहावं. आमचा माणूस मोबाइलवर शूटिंग घेईन. हापिसात पाठवा लागते, ठरावाप्रमाणं सगळं केलं म्हणून."

"माल हाये ना अजून."

"संध्याकायी माणसं येतीन. ताडपत्रीसकट उचलून तुह्या अंगणात टाकतीन. तुही बायको वरडन, तू धरून ठेव." त्यानं खुशालरावाच्या खांद्यावर हात ठेवला. "नोकरीची चार वर्सं राहिली तुही. चांगली जाऊ दे."

खुशालराव घरी गेला. खुंटीवरून पितळी थाळी काढली. चुलीजवळ वच्छलाबाईच्या रक्ताळलेल्या चिंध्या वाळत घातल्या होत्या. त्याला लाज वाटली, आणि इतके दिवस ती वाटलीच नव्हती याची जास्त वाटली. मग तो बाहेर पडला. शूटिंग घेणारा पंजाबरावाचा मिशीवाला गडी मागे मागे चालू लागला.

पारावर पोहोचल्यावर खुशालरावानं थाळी वाजवली. लोक दारात आले. मोबाइल वर झाला. खुशालरावानं कागद उघडला, पाहिला, घडी करून खिशात ठेवला.

"ऐका हो ऐका," तो म्हणाला. मागच्यांना ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा थाळी वाजवली आणि पुन्हा सुरुवात केली. "ऐका हो ऐका. तमाम बेलसरीकरांना कळवण्यात येते की, गावच्या खळ्यावर माल आहे. माल वच्छलाबाई खुशालराव ढोके यांचा आहे. ग्रामसभेच्या ठरावाप्रमाणं माल असेपर्यंत खळ्यावर हेलिकॉप्टर उतरणार नाही हो."

तीस वर्षांत त्यानं बायकोचं नाव घेतलं नव्हतं. घरात "अवं", बाहेर "घरचे". मिशीवाल्यानं मोबाइल खाली केला.

"घेतलं का?" खुशालरावानं विचारलं. "नसन तं अजून एकडाव सांगतो."

त्यानं अजून एकदा नाही, सहा वेळा सांगितलं. मारुतीपाशी, शाळेपाशी, दलित वस्तीत, मशिदीच्या ओट्यापाशी, फार्महाउसच्या फाटकापाशी, आणि सगळ्यात शेवटी खळ्याच्या काठावर, जिथे ऐकायला एकटी वच्छलाबाई होती. ती तिवईवरून उतरली नाही. फक्त डोक्यावरचा पदर नीट केला आणि शेवटपर्यंत ऐकलं.

"झालं?" ती म्हणाली.

"झालं."

"मंग ताडपत्रीचं टोक धरा. त्या बाजूनं दाणे बाहेर जाऊन राहिले."

संध्याकाळी पंजाबरावाची माणसं आली तेव्हा खळ्यावर दोन ढीग होते. आरतीनं आपल्या घरची तूर कट्ट्यांतून परत आणून पसरली होती. हात घातला तर आत गरम लागत होती, ओली काढली म्हणून. वाळवायला टणक जागा दुसरी कुठे होती? "सरपंचाचा माल हाये," ती माणसांना म्हणाली. "उचलाचा असन तं आधी मले उचला." ती माणसं मांडवाची होती, भांडणाची नव्हती. ती परत गेली. रात्र पडायच्या आत आणखी चार घरांची तूर आली. त्यात पत्रेवालाही होता, पण या वेळी मागे उभा होता.

दुसऱ्या दिवशी अकराला हेलिकॉप्टर आलं. गावावरून दोन चकरा मारल्या, खळ्यावर उंच थांबलं. खाली माणसं आपापल्या तुरीवर बसली होती. कोणी हात हलवला नाही, दगडही उचलला नाही. तिसरी चक्कर न मारता ते परतवाड्याकडे वळलं. पाहुणे तिथून जीपनं आले, आणि आमचा रस्ता कसा आहे हे त्यांना कळलं.

वारा चौदा तारखेला आला. वच्छलाबाईची तूर घरी गेली त्या दिवशी खळ्याच्या दुसऱ्या टोकाला पहिला हरभरा येऊन पडला होता.

खुशालरावाला तहसीलचं पत्र आलं. कर्तव्यात कसूर केल्याचा खुलासा द्या. तो धुतलेलं धोतर नेसून गेला. साहेब तरुण होते. त्यांनी मोबाइलवर ती दवंडी दोनदा ऐकली.

"तुम्हाला दिलेला मजकूर वेगळा होता."

"हो साहेब. खोटा होता."

"माल तुमच्या बायकोचा. म्हणजे तुम्ही कोतवाल म्हणून बोललात की नवरा म्हणून?"

"कोतवाल म्हणून, साहेब," खुशालराव म्हणाला. "नवरा म्हणून तं मी पंधरा दिवस गप्पच होतो."

साहेबांनी एक कोरा कागद पुढे केला. "यापुढे असं करणार नाही, असं लिहून द्या. प्रकरण इथेच मिटवतो."

खुशालराव बाकावर बसला. त्याचं अक्षर मोठं, ओळ तिरपी. बराच वेळ लिहून त्यानं कागद टेबलावर ठेवला. त्यावर लिहिलं होतं, 'यापुढेही खळ्यावर कोणाचाही माल असल्यास मी अशीच दवंडी देईन.' खाली सही होती, तारीख होती आणि हुद्दा होता.